किड्याचं चित्र निर्जीव का वाटतं?

तुम्ही जे विचारलंय ते आधी थोडक्यात मांडते. लहानपणापासून किड्यांचं वेड, शिक्षण वाणिज्य शाखेचं, दिवसा नोकरी आणि रात्री मोबाइलवर काढलेल्या फोटोंवरून किड्यांची चित्रं. बघणारे वाहवा करतात, पण तुम्हाला स्वतःला ती चित्रं निर्जीव वाटतात. म्हणून तुम्ही चार गोष्टी विचारल्यात: किडे मारून टाचणीला लावल्याशिवाय हे जमतच नाही का, मायक्रोस्कोप घ्यावा का, पेन आणि रंग कोणते घ्यावेत, आणि विज्ञान न शिकलेल्या माणसाला या कामात कुणी विचारतं का.

मी बरीच वर्षं संशोधकांच्या लेखांसाठी आणि शेतीविषयक पुस्तिकांसाठी कीटकांची चित्रं काढते आहे. चारही प्रश्नांची उत्तरं देईनच. पण खरी अडचण तुम्ही जाता जाता लिहून गेलात: ‘आधी बाह्यरेषा काढतो, मग आतली नक्षी भरतो, पाय सगळ्यात शेवटी जोडतो.’ पाय शेवटी जोडले की ते जोडलेलेच दिसतात. किडा जमिनीवर उभा आहे असं वाटतच नाही, कारण त्याचं वजन कुठल्याच पायावर आलेलं नसतं. नक्षी कितीही सुबक असली तरी मग उपयोग होत नाही.

गायीचं किंवा कुत्र्याचं शरीर पायांच्या वर असतं. किड्याचं शरीर पायांच्या मधे टांगलेलं असतं. झुरळ, मुंगळा, नाकतोडा, कुणीही घ्या: गुडघे बाहेर आणि वरच्या अंगाला, धड त्यांच्या मधे खाली. त्यामुळे मी कागदावर पहिल्यांदा धड काढतच नाही. जमिनीवर जिथे पावलं टेकली आहेत तिथे सहा ठिपके देते. मग धडाचा कल दाखवणारी एक रेघ, मग सहा गुडघ्यांच्या जागा. एवढं झालं की गुडघे एकीकडे पावलांना आणि दुसरीकडे धडाला जोडायचे. बाह्यरेषा त्यानंतर. तुमचा क्रम नेमका उलटा करून पाहा, फरक पहिल्याच आठवड्यात दिसेल.

सहा ठिपके कुठे द्यायचे हेही ठरलेलं आहे. चालणारा किडा साधारणपणे एका बाजूचा पुढचा आणि मागचा पाय आणि दुसऱ्या बाजूचा मधला पाय, असे तीन पाय टेकवून ठेवतो आणि उरलेले तीन पुढे टाकतो. म्हणजे शरीराखाली सतत एक तिकाटणं असतं. तुम्ही डावीकडचे पाय उजवीकडे जसेच्या तसे उलटवता. संग्रहातल्या नमुन्याला पसरून ठेवतात तशी ती मांडणी झाली. चालणारा किडा असा कधी उभा राहत नाही.

आता सांधे. सगळे सहा पाय छातीच्या भागातून निघतात हे तुम्हाला पाठ असणार, तरी तुमच्या भुंगेऱ्याचे मागचे पाय पोटातून निघालेले असतील अशी मला दाट शंका आहे. दोष नजरेचा नाही. वरून पाहिलं तर ते तसेच दिसतात, कारण छातीचा मागचा भाग कडक पंखांच्या झाकणाखाली गेलेला असतो आणि पाय त्या झाकणाच्या मध्यावरून बाहेर येतात. मेलेला भुंगेरा एकदा उताणा करून पाहा. छाती कुठे संपते आणि पोटाच्या पट्ट्या कुठे सुरू होतात ते लख्ख दिसतं. तो नकाशा डोक्यात बसला की वरून काढतानाही पाय बरोबर ठिकाणाहून येतो.

एका पायात काय काय असतं तेही हातात धरून मोजा. धडाला लागून गोळ्यासारखा सांधा, मग एक इवलासा जोडतुकडा, मग मांडी, मग नडगी, मग छोट्या छोट्या तुकड्यांचं पाऊल आणि टोकाला नख्या. हौशी चित्रांतून तो इवलासा तुकडा हमखास गायब असतो आणि मांडी थेट धडातून फुटते. पावलाचे तुकडे तर कुणी मोजतच नाही. वास्तविक त्यावर ओळख अवलंबून असते: काळोखी भुंगेऱ्यांच्या (डार्कलिंग बीटल) कुळात पुढच्या चार पायांच्या पावलांना पाच-पाच तुकडे असतात आणि मागच्या दोन पायांच्या पावलांना चार-चार. चित्रकाराने सगळीकडे पाच काढले, तर अभ्यासकाच्या दृष्टीने ते चित्र त्या कुळाचं राहतच नाही.

चतुराचं मला विशेष सांगायचं आहे, कारण सगळ्यांनाच तो काढावासा वाटतो. त्याची छाती तिरकी असते. पंख मागे सरकलेले आणि सहाही पाय पुढे, तोंडाखाली गोळा झालेले. उडता उडता भक्ष्य धरायला त्या पायांची परडी होते, काडीला धरून बसायलाही ते चालतात, पण चालणं त्याला जवळजवळ येत नाही. चतुराचे पाय मुंगीसारखे दोन्ही बाजूंना पसरून काढले की पंखांवरची बारीक जाळी कितीही मन लावून काढा, तो चतुर होत नाही. पंखही नीट बघा. मागची जोडी बुडाशी रुंद असते. टाचणी म्हणजे चतुराच्या गोतातला सडपातळ किडा; तिच्या पंखांच्या दोन्ही जोड्या जवळपास सारख्या असतात आणि बसल्यावर बहुतेक टाचण्या त्या पाठीवर मिटून घेतात.

बसण्याची ढब म्हणजे केवळ सौंदर्याचा भाग, असंही समजू नका. घरातला क्यूलेक्स डास भिंतीला समांतर बसतो. हिवताप पसरवणारा ॲनोफिलिस डोकं भिंतीकडे आणि पोटाचं टोक वर, असा तिरका बसतो. आरोग्यशिक्षणाच्या चित्रात हा कोन चुकला तर चित्राचा हेतूच फसला. प्लेन टायगर, क्रो यांच्या कुळातली फुलपाखरं चार पायांवर बसतात, पुढची जोडी आखूड होऊन छातीशी दुमडलेली असते. लिंबाळी मात्र सहाही पाय वापरते. फोटोत दोन पाय दिसत नाहीत म्हणून ‘असतीलच’ असं धरून काढणं, किंवा दिसत नाहीत म्हणून सोडून देणं, दोन्हीकडे फसायला होतं. मोजणीही आंधळेपणाने करायची नाही. मृगाचा मखमली लाल किडा काढताना सहा पायांचा नियम लावाल तर चुकाल, कारण त्या प्रौढाला आठ पाय असतात. तो कीटक नाही, कोळ्यांच्या गोतातला आहे.

आता तुमचा पहिला प्रश्न, मारण्याचा. याचं उत्तर चित्र कशासाठी आहे त्यावर अवलंबून आहे. नव्या जातीचं वर्णन करणाऱ्या संशोधकाला सहसा नमुना जपून ठेवावा लागतो, कारण पुढच्या अभ्यासकाला तो पडताळून पाहता आला पाहिजे. अशा कामासाठी मला नमुने संशोधकांकडून मिळतात, रीतसर परवानगीने गोळा केलेले. तुम्हाला त्याची गरज नाही. तुमचं मन मारायला धजत नाही, ते तसंच राहू द्या. मेलेले किडे भरपूर सापडतात. खिडकीच्या चौकटीत, जिन्यातल्या दिव्याखाली, ट्यूबलाइटच्या पट्टीत, पावसाळ्यात रस्त्यावरच्या दिव्यांखाली पहाटे. पहिल्या पावसानंतर वाळवीचे गळलेले पंख घरभर पडतात. चारही सारखे, पारदर्शक. पंखांच्या शिरा काढायला शिकण्यासाठी याहून सोपी वस्तू मला माहीत नाही. फक्त अभयारण्यातून आणि राष्ट्रीय उद्यानातून काहीही उचलू नका, मेलेलंसुद्धा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काही फुलपाखरांना आणि भुंगेऱ्यांनाही संरक्षण दिलेलं आहे, आणि ऑनलाइन विकायला येणारे चौकटीतले नमुने तर कृपा करून घेऊच नका.

सापडलेला किडा वाळून कडक झालेला असेल तर पाय उघडायला जाऊ नका, तुटतील. झाकणाच्या डबीत ओला कापूस, त्यावर जंतुनाशकाचे दोन थेंब, त्यावर प्लास्टिकचा तुकडा आणि तुकड्यावर किडा. एखाद्या दिवसात सांधे सैल होतात. मग मऊ ब्रशने पाय बाहेर काढा. भुंगेऱ्याला टाचणी लावायचीच असेल तर उजव्या कडक पंखातून लावतात. मधली रेघ आणि डावी बाजू शाबूत राहते. त्याचा चित्रकाराला थेट फायदा होतो: डावा अर्धा भाग ट्रेसिंग पेपरवर काळजीपूर्वक काढायचा, कागद मधल्या रेघेवर दुमडायचा आणि उजवा भाग उतरवून घ्यायचा. ही युक्ती फक्त वरून दिसणाऱ्या ओळखचित्रासाठी. तिथे दोन्ही बाजू सारख्या हव्यातच. जिवंत ढबीच्या चित्रात ती वापरली की पुन्हा तुमची मूळ तक्रार परत येईल.

मेलेल्या किड्यावर किती विसंबायचं यालाही मर्यादा आहे. मेल्यावर पाय आत वळतात. चतुराच्या डोळ्यांचा आणि अंगाचा रंग थोड्याच वेळात मातकट होतो, नाकतोड्याचा हिरवा तपकिरी पडतो. भुंगेऱ्यांची धातूसारखी झळाळी मात्र वर्षानुवर्षं टिकते, कारण तो रंग पृष्ठभागाच्या अतिसूक्ष्म थरांवरून प्रकाश परतण्यातून तयार होतो. म्हणून माझी कामाची पद्धत अशी आहे: रचना आणि मापं मेलेल्यावरून, ढब आणि रंग जिवंतावरून, आणि फोटो साक्षीदार म्हणून. तुम्ही सध्या तिन्ही कामं एकट्या फोटोकडून करून घेताय.

फोटो वाईट नसतो, पण तो काय बिघडवतो ते माहीत हवं. मोबाइल अगदी जवळ नेला की जवळचा भाग फुगतो, म्हणून डोकं मोठं आणि पोट आक्रसलेलं येतं. शिवाय इतक्या जवळून थोडाच भाग स्पष्ट येतो, बाकीचं धूसर. त्या धूसर जागी आपण नकळत मनाने पाय काढतो. फोटो घ्यायचाच तर थोडं लांबून, एक वरून आणि एक बरोबर बाजूने घ्या, आणि जमलं तर शेजारी पट्टी ठेवून.

जिवंत किडा कुठे बसून राहणार, असं तुम्ही म्हणाल. रुईच्या झुडपापाशी जा. पिवळ्या आणि निळसर हिरव्या पट्ट्यांचा मोठा नाकतोडा तिथे असतो. रुईचं विष अंगात साठवलेलं असल्यामुळे त्याला लपायची घाई नसते आणि तो हालचालीलाही संथ. शिकणाऱ्यासाठी याहून चांगलं मॉडेल नाही. प्रार्थनाकीटकही बराच वेळ स्थिर बसतो. त्याच्या डोळ्यातला काळा ठिपका तुमच्याकडे वळल्यासारखा वाटेल, पण ती बाहुली नाही. त्याचा डोळा असंख्य बारीक नळ्यांचा बनलेला असतो; त्यातल्या ज्या नेमक्या तुमच्या रोखाने आहेत त्या काळ्या दिसतात, म्हणून तुम्ही हललात की ठिपकाही सरकतो. तो बाहुलीसारखा मधोमध रंगवलात तर चेहरा कार्टूनचा होतो.

पण मला विचाराल तर घरातल्या कढीपत्त्याच्या कुंडीपासून सुरुवात करा. लिंबाळी आणि कॉमन मॉर्मन ही दोन्ही फुलपाखरं तिथे अंडी घालतात. सुरवंट लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसतो, नंतर हिरवा होतो, आणि डिवचला की डोक्यामागून दुतोंडी शिंग बाहेर काढून उग्र वास सोडतो. पुढे तीन जोड्या खऱ्या पायांच्या, मागे पाच जोड्या मांसल, आकड्यांनी फांदी धरणाऱ्या पायांच्या. मग रेशमाचा एक दोर कमरेभोवती घेऊन कोष. रोज ऑफिसला जायच्या आधी एक रेखाटन करायचं, तारीख टाकायची, रंगाचे नमुने कडेला लगेच लावायचे. एकाच जिवाबरोबर इतके दिवस काढले की तो कशाला धरतो, कुठे वळतो, खाताना पानाच्या कडेवर डोकं कसं खालीवर नेतो, हे हाताला कळायला लागतं. माझ्या मते किड्यावर प्रेम असणाऱ्या माणसाचा खरा फायदा इथे आहे. कंटाळा न येता तो बघत राहू शकतो.

मायक्रोस्कोप आत्ता नको. घड्याळजी किंवा सोनार वापरतात ते दहापट भिंग घ्या. भिंग डोळ्याला टेकवायचं आणि किडा त्याच्याजवळ आणायचा, उलट नाही. पुढे घ्यायचाच झाला तर दोन डोळ्यांनी बघायचा, कमी पटीचा, वरून उजेड देणारा स्टिरिओ मायक्रोस्कोप. शाळेतला मायक्रोस्कोप खालून उजेड देतो. अख्ख्या किड्याची त्यात नुसती काळी सावली दिसेल.

भिंगापेक्षाही उजेडाकडे जास्त लक्ष द्या. रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६६५ साली सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या पिसू, उवा, माश्या यांची चित्रं छापली. तो लिहून गेला आहे की अनेक बाजूंनी आणि अनेक प्रकारच्या उजेडात वस्तू तपासून तिचा खरा आकार कळेपर्यंत तो चित्राला हात घालत नसे. माशीचा डोळा एका उजेडात भोकांची जाळी वाटतो, उन्हात सोन्याचे खिळे ठोकल्यासारखा, तर आणखी एका कोनातून पिरॅमिडांसारखा, हे त्याचंच निरीक्षण. मी रोज हेच करते. दिवा तीन-चार बाजूंनी फिरवून बघते आणि मग तो डावीकडे वर पक्का करते. शास्त्रीय चित्रांत उजेड डावीकडून वरून येतो असा संकेत आहे. सगळ्यांनी तो पाळला की वाचणाऱ्याला खड्डा कुठला आणि उंचवटा कुठला हे लगेच कळतं.

साहित्य थोडंच लागतं. दोन टोकांचा डिव्हायडर, आलेख कागद, ट्रेसिंग पेपर, कठीण आणि मऊ अशा दोन पेन्सिली, गुळगुळीत जाड कागद आणि ०.१ चं एक काळं पेन. बारा मिलिमीटरचा भुंगेरा दहापट करून बारा सेंटिमीटरचा काढा, प्रत्येक भाग डिव्हायडरने मापून. छटा ठिपक्यांनी द्यायची तर पेन उभं धरा. गडद जागी ठिपके दाट करायचे, मोठे नाही. चकचकीत पाठीसाठी चंदेरी-सोनेरी रंग आणू नका, ते कागदावर सपाट पडतात. कोरा कागद झळाळीसाठी राखा आणि त्याला अगदी खेटून सगळ्यात गडद छटा द्या. चकाकीची कड जितकी धारदार, तितका पृष्ठभाग गुळगुळीत दिसतो. केस काढताना मुळापासून टोकाकडे झटका द्या, आणि मूळ नेमकं कुठे आहे ते भिंगातून बघूनच.

राहिला शिक्षणाचा प्रश्न. किड्यांची चित्रं काढणारी मारिया सिबिला मेरियन १६४७ साली जर्मनीतल्या फ्रँकफुर्टला जन्मली. विद्यापीठाची दारं तिच्यासाठी बंदच होती. तेराव्या वर्षी रेशीमकिड्यांपासून तिने सुरवंट पाळायला सुरुवात केली, १६९९ मध्ये धाकट्या मुलीला घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनामला गेली, १७०१ मध्ये आजारपणामुळे परतली आणि १७०५ साली ॲम्स्टरडॅममध्ये तिचं मोठं पुस्तक निघालं. अंडं, सुरवंट, कोष, फुलपाखरू आणि ते ज्या झाडावर वाढतं ते झाड, हे सगळं एकाच पानावर. पदवीने तिला हे दिलं नव्हतं, पाळून बघण्याने दिलं. तुमची कढीपत्त्याची कुंडी त्याच जातीचं काम आहे.

अर्थात प्रेमाच्या बळावर सगळं भागेल असं मी म्हणणार नाही. शरीररचनेचं कीटकशास्त्राचं एखादं प्राथमिक पाठ्यपुस्तक लागेल, आणि चित्र एखाद्या जाणकाराला दाखवून ‘काय चुकलंय’ हे विचारावं लागेल. ‘कसं झालंय’ असं विचारलंत तर कौतुक ऐकायला मिळेल. मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा कीटकसंग्रह आहे, पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र आहे, कृषी महाविद्यालयांत कीटकशास्त्र विभाग असतात. आधी पत्र लिहून विचारा. पैसे मिळतील का हे मात्र तुमच्या गावावर, ओळखींवर आणि थोडं नशिबावर अवलंबून आहे. पूर्ण पोट या कामावर भरणारे आपल्याकडे थोडे, म्हणून नोकरी सोडण्याची घाई नको.

जाताना वहीतली सगळी चित्रं नेऊ नका. एकाच किड्याची तीन न्या: वरून, बाजूने आणि एका पायाचं मोठं करून काढलेलं. खाली तो कुठे, कुठल्या झाडावर आणि कोणत्या तारखेला सापडला ते लिहा. ‘दहापट’ असं लिहू नका, छापताना चित्र लहान झालं की तो आकडा खोटा ठरतो. शेजारी पाच मिलिमीटर दाखवणारी आडवी रेघ काढा, ती चित्राबरोबरच लहान-मोठी होते. माझ्यासमोर कुणी चित्रं ठेवली तर मी आधी ही रेघ आहे का बघते आणि मग पावलाचे तुकडे मोजते.